सिंगापूरचं नागरिकत्व घ्यायचं, पण 'सिंगापूरचं' म्हणजे नेमकं काय?

पुंगोलकर

नमस्कार मंडळी. आम्हाला इथे येऊन सात वर्षं झाली. आम्ही दोघंही सांगलीकडचे. चौघांचा पीआर (कायम राहण्याचा परवाना) झाला आहे, त्याचं निळं ओळखपत्र, म्हणजे निळी आयसी, खिशात आहे, आणि आता नवऱ्याच्या डोक्यात नागरिकत्वाचा अर्ज घोळतोय. कर, सीपीएफ (इथला भविष्यनिर्वाह निधी), घराची किंमत, भारताचं ओसीआय कार्ड हे सगळं आमचं घरी बोलून झालंय, तेव्हा त्याबद्दल कृपया लिहू नका. माझा प्रश्न वेगळा आहे आणि तो मला नीट मांडता येईल की नाही, ठाऊक नाही.

मागच्या आठवड्यात मुलीच्या शाळेतून चिठ्ठी आली. २१ जुलैला रेशियल हार्मनी डे, म्हणजे वांशिक सलोख्याचा दिवस, मुलांना आपापल्या समाजाच्या पोशाखात पाठवा. मी हौसेने खणाचं परकर-पोलकं काढून इस्त्री केलं. ती तिसरीत आहे. पलंगावर मांडी घालून माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "आई, हा आपला ड्रेस. चिओंगसाम चायनीज. बाजू कुरुंग मलय. मग सिंगापूरचा कुठला गं?"

मला उत्तर सुचलं नाही. रात्रभर तेच डोक्यात.

रोज सकाळी ती उजवी मूठ छातीवर ठेवून प्लेज, म्हणजे इथली राष्ट्रीय प्रतिज्ञा, म्हणते. राष्ट्रगीत मलयमध्ये घडाघडा म्हणते, पण अर्थ विचारला की अडखळते. शाळेत 'मदर टंग' म्हणून हिंदी शिकते, कारण तमिळ सोडली तर भारतीय भाषांपैकी हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू एवढ्याच घेता येतात. मातृभाषेच्या तासाला माझी मुलगी तिच्या आईची नसलेली भाषा शिकते. घरी आमच्याशी मराठी, खाली खेळायला गेली की 'कॅन लाह, कॅनॉट लाह'.

शपथ घ्यायची म्हणजे भारताचा पासपोर्ट सोडायचा. तो कशासाठी सोडायचा हे मला स्वतःला सांगता यायला हवं. वेळेवर येणारी ट्रेन आणि रात्री अकराला एकटीने चालत घरी येता येणं, ह्याची मला मनापासून किंमत आहे. पण ती सोय झाली. त्यात मुलगा पाच वर्षांचा आहे. नागरिकत्व घेतलं तर अठराव्या वर्षी दोन वर्षं एनएस, म्हणजे सक्तीची लष्करी सेवा. ज्या देशासाठी पोराच्या हातात बंदूक द्यायची, त्याचं काहीतरी आपल्याला आपलं वाटायला नको का?

बरीच वर्षं इथे काढलेल्यांनी सांगा. तुम्हाला ते सापडलं का? कुठे?

ठाण्याला_परत

मी नऊ वर्षं राहून २०१९ ला परत आलो, त्यामुळे माझं उत्तर 'नाही' असंच आहे. तुम्ही मनापासून विचारलंय म्हणून मनापासूनच सांगतो.

आम्ही भाड्याने राहायचो. दर दोन वर्षांनी करार संपला की नवं घर शोधायचं. फोनवर नाव सांगितलं की पलीकडून विचारायचे, "इंडियन? रोज स्वयंपाक करता का?" तीन वेळा असं झालं की घर बघायलासुद्धा बोलावलं नाही. बायको फोडणी देताना खिडक्या लावून घ्यायची, एवढी ती भीती तिच्या मनात बसली. चांगले लोकही खूप भेटले, नोकरी उत्तम होती, कोणाबद्दल राग नाही. पण स्वतःच्या घरात मोहरी तडतडली की दचकायचं असेल तर 'आपलं' कसं म्हणायचं? माझी मुलगी आजही तिथली आठवण काढते. तिचा अनुभव वेगळा असेल, तो ती सांगेल मोठी झाल्यावर.

गलबत

पुंगोलकर ताई, प्रश्न अगदी नीट मांडला आहे तुम्ही.

मी मूळचा रत्नागिरीचा. १९९८ साली जहाजदुरुस्तीच्या यार्डात नोकरीला आलो आणि २००९ साली गुलाबी आयसी, म्हणजे नागरिकत्व, घेतली. त्याआधी चार वर्षं तुमच्यासारखाच अडून बसलो होतो.

आधी एक व्यवहाराची गोष्ट, कारण तुमचा थोडा गैरसमज दिसतोय. मुलाला तुमच्यामुळे पीआर मिळाला असेल तर एनएस त्याला आत्ताच लागू आहे. नागरिकत्वाने त्यात फरक पडत नाही. साडेसोळाव्या वर्षी नोंदणीचं पत्र येईल. एनएस न करता पीआर सोडला तर पुढे इथे शिकायला किंवा नोकरीला यायच्या वेळी ते आडवं येतं. म्हणजे बंदुकीचा प्रश्न तुम्ही निळी आयसी घेतलीत तेव्हाच उभा राहिला. नवराबायकोने हे एकदा शांतपणे बोलून घ्या.

आता मुलीचा प्रश्न. तिला सांगा, असा ड्रेस नाही. मीही बरीच वर्षं तसलंच काहीतरी शोधत होतो, एखादा सण, एखादा पदार्थ, ज्यावर बोट ठेवून म्हणता येईल की हे सिंगापूरचं. मला जे सापडलं ते तळमजल्यावर.

तुम्हीही एचडीबीत, म्हणजे सरकारी इमारतीतच, राहत असाल. इथली बहुतेक माणसं तिथेच राहतात. जुन्या ब्लॉकच्या खाली घरं नसतात, नुसते खांब आणि मोकळी फरशी असते. व्हॉइड डेक. आमचा पहिला फ्लॅट आंग मो किओला, चौथ्या मजल्यावर. एका शनिवारी खाली मलय लग्न लागलं. कोंपांगचे डफ वाजतायत, मोठाल्या पातेल्यांतून बिर्याणीचा वास थेट आमच्या खिडकीत, वर राहणाऱ्या सगळ्यांना ये-जा करताना आग्रह. दोन-तीन आठवड्यांनी त्याच खांबांमध्ये पांढरा मांडव पडला. समोरच्या दारातल्या चिनी आजी गेल्या होत्या. आम्ही त्यांना आह मा म्हणायचो. माझ्या मुलाला त्या संत्री द्यायच्या आणि त्यांची हॉक्कियन ही चिनी बोली आम्हाला एक अक्षर कळायची नाही. हे साल २००४.

शव पाच दिवस ठेवलं होतं. ते लोक दिवसांची संख्या विषम ठेवतात. गोल टेबलं, त्यावर शेंगदाणे, कलिंगडाच्या बिया, पॅकेटमधली सरबतं. मुलांच्या आणि सुनांच्या बाहीला कापडाचा छोटा चौकोन टाचलेला. मी संध्याकाळी यार्डातून आलो तो तसाच खाली गेलो. काय करायचं असतं ते माहीत नव्हतं. फोटोसमोर हात जोडले, मान खाली घातली. माझ्या पुढे आमच्या मजल्यावरचे मलय शेजारी उभे होते, सोंगकोक ही त्यांची काळी टोपी घातलेले. घरचा एक मुलगा येणाऱ्यांना उदबत्त्या पेटवून देत होता. त्याने त्यांना दिली नाही. त्यांनी मागितली नाही. ते थोडा वेळ गप्प उभे राहिले, थोरल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि टेबलाशी जाऊन बसले. मला मात्र त्याने डोळ्यांनीच विचारलं, हवी का? मी घेतली.

बाहेर पडताना ताटलीत गोळ्या आणि लाल दोऱ्याचे तुकडे ठेवले होते. मी एक दोरा उचलला आणि सवयीने मनगटाला बांधला, सत्यनारायणाच्या पूजेनंतर बांधतो तसा. आह माचा थोरला मुलगा धावत माझ्यामागे आला. त्याने गाठ स्वतः सोडली, दोरा माझ्या बोटाला दोन वेढे दिले आणि म्हणाला, "अंकल, हा बांधून ठेवायचा नाही. घरी पोचायच्या आत टाकून द्यायचा. जे वाईट असेल ते ह्याच्याबरोबर जातं." मी म्हटलं, माझं घर तर इथेच वर आहे. तर तो लिफ्टपर्यंत माझ्याबरोबर चालत आला. दहा पावलं असतील. लिफ्टशेजारच्या डब्यात मी दोरा टाकला, तो मान हलवून परत आईपाशी गेला. आई मांडवात ठेवलेली असताना तो मला, एका परदेशी शेजाऱ्याला, अशुभ बरोबर घेऊन घरी जाऊ देत नव्हता.

वर गेलो. बायकोने दारातच विचारलं, आंघोळ करणार ना? म्हटलं, हो.

त्या संध्याकाळी मला जे दिसलं ते मी नंतर सगळीकडे बघत आलो. कोणाला काय द्यायचं आणि त्याहून जास्त म्हणजे कोणाला काय द्यायचं नाही, हे इथल्या माणसांना पाठ असतं. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या आवारात, ट्रे परत ठेवायच्या मांडणीवर हलालचा कप्पा वेगळा असतो. ट्रे न उचलणाऱ्यांवर सप्टेंबर २०२१ पासून कारवाई करायला लागले, पहिल्यांदा लेखी ताकीद, दुसऱ्यांदा ३०० डॉलर. बाहेरच्यांना त्यातला दंड दिसतो. पण कुठला ट्रे कुठल्या कप्प्यात, ही चूक चिनी आजोबासुद्धा करत नाहीत आणि ते दंडामुळे नाही. आपल्या श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास त्यांचा भुतांचा महिना येतो, म्हणजे त्यांचा पितृपक्षच. मैदानात गेताईचा, म्हणजे गाण्याबजावण्याचा, कार्यक्रम होतो आणि खुर्च्यांची पहिली रांग पितरांसाठी रिकामी ठेवतात. तमिळ पोरं, मलय पोरं उभी राहून बघतील, पण त्या रांगेत बसणार नाहीत.

हे आपोआप झालेलं नाही. तुमच्या मुलीचा २१ जुलै हा १९६४ च्या दंगलीचा दिवस आहे. पैगंबरजयंतीच्या मिरवणुकीत मलय-चिनी दंगल पेटली, २३ माणसं मेली. पुढच्या वर्षी ९ ऑगस्टला मलेशियापासून वेगळं व्हावं लागलं. १९८९ पासून प्रत्येक ब्लॉकमध्ये कुठल्या वंशाची किती घरं ह्यावर मर्यादा आहे. त्या कोट्याचा मला स्वतःला चटका बसलाय. घर विकताना चिनी गिऱ्हाईक चांगला भाव देत होतं, पण ब्लॉकचा चिनी कोटा भरलेला. शेवटी कमी भावात दुसऱ्याला दिलं. बायको चार दिवस बोलत नव्हती. तरी आह माचं दार माझ्या दारासमोर आलं ते अशाच नियमांच्या देशात, हेही मला विसरता येत नाही.

राष्ट्रगीताचा अर्थ मुलीला तुम्हीच सांगा, जमेल तुम्हाला. 'सिंगापुरा' म्हणजे सिंहपूर. त्यात 'बहागिया' येतं, ते आपलं भाग्य. 'चिता' म्हणजे चित्तातली इच्छा. 'बर्जाया'मध्ये जय आहे. हे गीत झुबीर सैद यांनी १९५८ मध्ये रचलं, १९५९ मध्ये ते राष्ट्रगीत झालं. झुबीर सैद जन्माने सुमात्राचे. ती रोज म्हणते ती प्लेज १९६६ मध्ये लिहिली एस. राजरत्नम यांनी, ते जन्मले जाफन्याला. नोटेवर ज्यांचं चित्र आहे ते पहिले राष्ट्राध्यक्ष युसोफ इशाक, जन्म पेराकचा. मी गुलाबी आयसी घ्यायला अडून बसलो होतो तेव्हा ह्या गोष्टी मला कोणीतरी सांगायला हव्या होत्या. मला वाटायचं आपण उपरे, दुसऱ्याच्या घरात पाट मागतोय. इथला पाट मांडणारेच बाहेरून आलेले.

ठाणेकर भाऊ, तुमचं घराचं दुःख खरं आहे, मी ते हलकं करत नाही. भाडेकरूला जे सोसावं लागतं ते मालकाला सोसावं लागत नाही. पण २०११ चा ऑगस्ट तुम्ही इथे होतात, आठवतो का? चीनहून नव्याने आलेल्या एका कुटुंबाने शेजारच्या भारतीय घरातल्या करीच्या वासाची तक्रार केली होती. मध्यस्थीत असं ठरलं की ते कुटुंब घरी नसेल तेव्हाच करी करायची. प्रकरण काही वर्षांपूर्वीचं, पण पेपरात तेव्हा आलं. लोक इतके चिडले की २१ ऑगस्टला, एका रविवारी, हजारो घरांत मुद्दाम करी शिजवली. आमच्या ब्लॉकला चिनी घरांतूनही नारळाच्या दुधाचा आणि कढीपत्त्याचा वास येत होता. बायकोने सुरमईचं कालवण केलं आणि खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. कोणाला वाटायचं, हा चिनी विरुद्ध भारतीय वाद. तसा तो नव्हता. इथल्या चिनी माणसांना राग आला होता तो शेजाऱ्याच्या चुलीत हात घातल्याचा.

तेकोंगची_आई

गलबत काका, वाचून रडले. आह मा आमच्याकडेही होत्या, फक्त आमच्या मलय होत्या आणि आम्ही नेनेक म्हणायचो.

मी फक्त एनएसबद्दल लिहिते. मुलगा गेल्या वर्षी गेला. पहिल्या दिवशी घरच्यांनाही फेरीबोटीने पुलाऊ तेकोंग ह्या प्रशिक्षणाच्या बेटावर नेतात. खोली दाखवतात, कपाट दाखवतात, मुलं शपथ घेतात ती बघायची आणि मग त्यांच्याच भोजनगृहात सगळ्यांनी मिळून जेवायचं. तिथे माझ्या एका बाजूला टॅक्सी चालवणारे चिनी बाबा, दुसऱ्या बाजूला मलय आजी. तिघांच्याही घशाखाली घास उतरत नव्हता. आजींनी पर्समधून टिश्यूचं पाकीट काढून मधोमध ठेवलं. हॉकर सेंटरमध्ये जागा धरायला ठेवतात ना, तेच. आम्ही तिघांनी ते संपवलं.

केस कापलेलं पोर ओळखू येत नाही, मनाची तयारी ठेवा. प्रशिक्षणाच्या शेवटी २४ किलोमीटर चालून येतात. तो माझ्यासमोर उभा राहिला तेव्हा त्याच्या पाठपिशवीचा एक पट्टा तुटलेला होता आणि तो दोरीने बांधून दिला होता त्याच्या शेजारच्या पलंगावरच्या मुलाने. त्या मुलाचं नाव आमच्या घरात आता रोज निघतं. दिवाळीला आला होता, दहा चकल्या खाऊन गेला.

ताई, 'पोराच्या हातात बंदूक द्यायची' हे वाक्य मीही बोलले होते. भीती अजून गेलेली नाही. एवढंच की ती भीती आता त्या टॅक्सीवाल्या बाबांच्या आणि माझ्यात सारखीच आहे, हे मला माहीत आहे.

पिंक_आयसी_मराठी_तोंड

मी इथेच जन्मले, २४ वर्षांची आहे. लिहिताना चुका झाल्या तर समजून घ्या, मराठी मला आजीच्या फोनने शिकवलं.

पुंगोलकर मावशी, तुमच्या मुलीच्या जागी मी होते. शाळेत हिंदी घेतली आणि आजही हिंदीत 'ळ' नाही ह्याचा मला राग येतो. कामाच्या निमित्ताने एक वर्ष मेलबर्नला होते. तिथे कोणी 'तू कुठली?' विचारलं की मी सिंगापूर म्हणायचे आणि पुढचा प्रश्न यायचा, 'पण खरी कुठली?' पहिल्यांदा राग आला तेव्हा मला कळलं की मी सिंगापूरची आहे.

आणखी एक. दर वर्षी १५ फेब्रुवारीला संध्याकाळी सहा वीसला इथे भोंगा वाजतो. १९४२ साली ब्रिटिशांनी जपान्यांपुढे शरणागती पत्करली ती वेळ. लहानपणी मी कान झाकायचे. मेलबर्नला त्या दिवशी ऑफिसातून निघाले होते आणि सहा वीसला रस्त्यात आपोआप थांबले. काहीच वाजलं नाही. ट्राम गेली फक्त. घरी फोन केला, आई म्हणाली, "अगं, इथे अजून वाजायचाय."

पुंगोलकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, पीआरच्या एनएसबद्दल आम्हाला खरंच नीट माहीत नव्हतं. काल रात्री नवऱ्याशी बोलले, मुलाचं पत्र काढून पुन्हा वाचलं, आणि मग बराच वेळ दोघंही काही बोललो नाही. तेकोंगच्या ताई, तुमचं मी त्याला मोठ्याने वाचून दाखवलं.

ठाणेकर, तुमच्या मिसेसना सांगा, मीही खिडक्या लावते. काल नाही लावल्या.

आज सकाळी मुलीला घेऊन खालच्या कॉफीवाल्या अंकलकडे गेले. सात वर्षं मी 'वन कॉफी, लेस शुगर' म्हणतेय आणि ते दर वेळी 'हं?' करतात. आज मुलगी पुढे झाली आणि म्हणाली, "अंकल, कोपी-सी सिउ दाई, वन कोपी-ओ कोसाँग, टेक अवे." अंकलनी मान वर न करता पिशव्या भरल्या. मी विचारलं, हे कुठे शिकलीस? म्हणाली, सगळे असंच तर बोलतात. मग घरी येताना तिला सांगितलं की कोसाँग (बिनसाखर) हा मलय शब्द, सिउ दाई (कमी गोड) चिनी, आणि तिला राष्ट्रगीतातलं भाग्य सांगितलं. ती लिफ्टमध्ये 'बहागिया, भाग्य, बहागिया, भाग्य' करत होती.

अर्ज अजून भरलेला नाही. परकर-पोलकं मात्र तयार आहे, आणि तिच्या मलय मैत्रिणीच्या आईने बाजू कुरुंग पाठवलाय, दोघी मधल्या सुट्टीत अदलाबदल करणार आहेत म्हणे.

काका, एकच विचारते. आमच्या समोरच्या चिनी आजी बौद्ध आहेत, चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहारी खातात. मला त्यांना पुरणपोळी द्यायची आहे. कांदा-लसूण नाहीच त्यात, पण तूप चालतं का त्यांना? की वर न लावता वाटीत वेगळं देऊ?